उंची वाढवण्याआधी आईची पॉलिसी परत करा

प्रश्न : मी २७ वर्षांचा, हिंजवडीत आयटी कंपनीत आहे. दरमहा ७२,००० रुपये हातात येतात. उंची ५ फूट ४ इंच, आणि स्थळं त्यावरूनच परत जातात. दिल्लीच्या एका डॉक्टरांनी मांडीची हाडं लांबवून ७ सेंटिमीटर उंची वाढवून देण्याचा खर्च १४ लाख सांगितला आहे. माझ्याकडे ४ लाख आहेत. बाकीच्या १० लाखांसाठी १४ टक्क्यांचं पर्सनल लोन घ्यावं, की आई आणि माझ्या नावावरच्या १८ लाखांच्या एफडीवर कर्ज काढावं? वडील साखर कारखान्यात होते, गेल्या वर्षी वारले. त्यांच्या पीएफ-ग्रॅच्युइटीचे वगैरे २६ लाख आले. ४ लाख आजारपणाची देणी फेडण्यात गेले, आणि ४ लाख बँकेने आईला जास्त व्याजाच्या दुसऱ्या एफडीत टाकून दिले. तिचे कागद १८ दिवसांपूर्वी ईमेलवर आले, ते जोडतो आहे. तिच्यावरही कर्ज मिळेल का? कंपनीचा ५ लाखांचा आरोग्य विमा आहे, त्यात आईही आहे. ऑपरेशनचं आईला सांगितलेलं नाही. तीन महिने प्रोजेक्टसाठी बाहेर जातोय असं सांगणार आहे.
– एक वाचक, कराड तालुका

उत्तर :
तुम्ही जोडलेले कागद आधी वाचले आणि त्याच दिवशी तुम्हाला ईमेल केला, कारण हे उत्तर छापून येईपर्यंत थांबण्याइतका वेळ नव्हता. ज्याला तुम्ही दुसरी एफडी म्हणता, ती आयुर्विम्याची पॉलिसी आहे. ४ लाख हा तिचा पहिला हप्ता. असे दहा हप्ते भरायचे आहेत, दरवर्षी एक. पान ३ वरच्या तक्त्यात ते स्पष्ट लिहिलं आहे, पण आईंना ते कुणी वाचून दाखवलं नसणार.

दहा वर्षांत ४० लाख भरायचे. मग दोन वर्षं थांबायचं आणि बाराव्या वर्षाअखेरपासून दरवर्षी सव्वासहा लाख, बारा वर्षं घ्यायचे. एकूण ७५ लाख. ‘चाळीस भरा, पंच्याहत्तर घ्या’ असं सांगून ही विकली गेली असेल. पैसे कोणत्या वर्षी गेले आणि कोणत्या वर्षी आले हे धरून हिशोब केला, तर परतावा वर्षाला ५ टक्क्यांच्या आसपास बसतो. साधी मुदत ठेवही आज त्याहून जास्त देते, आणि तिच्यातले पैसे हवे तेव्हा मोडून मिळतात.

पुढचे हप्ते कुठून येणार होते? १८ लाखांच्या एफडीतून. तिला ७ टक्के व्याज धरलं आणि वर्षाला ४ लाख काढले, तर पाच हप्त्यांनंतर दोन-सव्वादोन लाख उरतात. तेही आईंनी घरखर्चाला त्यातला एक रुपया घेतला नाही तर. त्यापुढच्या हप्त्याला पैसे नाहीत. प्रस्तावपत्रात आईंचा व्यवसाय ‘शेती’ आणि वार्षिक उत्पन्न १२ लाख लिहिलं आहे. कारखान्यातल्या कामगाराच्या विधवेचं उत्पन्न १२ लाख कुणाच्या पेनाने झालं? विम्याचा हप्ता बसवण्यासाठी उत्पन्न फुगवून लिहायचं, ही पद्धत मला चांगली माहीत आहे. नवरा गेल्यावर वर्षभरात बँकेत येणाऱ्या बाईच्या खात्यावर मोठी रक्कम दिसते, आणि ती बाई समोरच्या माणसाला ‘साहेब’ म्हणते. अशा वेळी हे करणं मला संताप आणतं.

उपाय सोपा आहे. पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत ती कारण न सांगताही परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विमा-संरक्षणाचा किरकोळ हप्ता कापून बाकी पैसे खात्यात येतात. तुम्ही पत्र लिहिलंत तेव्हा १२ दिवस उरले होते. पॉलिसीधारक आई आहेत, म्हणून अर्जावर सही त्यांची. अर्ज विमा कंपनीकडे द्यायचा, ईमेलने आणि शाखेत प्रत्यक्षही, आणि पोच घ्यायची. बँकेतला माणूस ‘मॅडम, एक वर्ष थांबा’ म्हणेल. थांबू नका. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार करा. त्यानेही भागलं नाही तर पुण्यात विमा लोकपालांचं कार्यालय आहे.

परत आलेले ४ लाख आणि एफडीतले ५ लाख असे ९ लाख आईंच्या नावाने पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवले, तर ७.४ टक्क्यांनी दरमहा साडेपाच हजार रुपये घरात येतात. कारखान्याच्या पेन्शनीत तेवढी भर आईंना उपयोगाची आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजना त्या साठीच्या झाल्यावर बघू.

आता ऑपरेशन. ते काय असतं ते तुम्ही वाचलं असेलच, पण पैशाच्या बाजूने पुन्हा वाचा. सायबेरियातल्या कुर्गान शहरात गाव्रिल इलिझारोव्ह या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात ही पद्धत बसवली. ती न जुळणारी मोडलेली हाडं आणि एक पाय आखूड असलेले रुग्ण यांच्यासाठी होती. हाड कापायचं, पाच-सात दिवस थांबायचं, मग दोन्ही तुकडे रोज १ मिलिमीटर, बहुधा पाव-पाव करून चार वेळा, एकमेकांपासून दूर न्यायचे. फटीत नवं हाड धरतं. तुमच्या ७ सेंटिमीटरना नुसतं लांबवायलाच ७० दिवस लागतात. नवं हाड घट्ट व्हायला त्याहून जास्त काळ जातो. एक्स-रेवर ते भरलेलं दिसेपर्यंत दोन्ही पायांवर मोकळेपणी भार टाकता येत नाही. एक पाय मोडलेला माणूस निदान दुसऱ्यावर उभा राहतो. तुमचे दोन्ही पाय एकाच वेळी त्या अवस्थेत असतील. तीन महिन्यांत ‘प्रोजेक्टवरून परत’ येणं यात बसत नाही. सहा महिने कामाविना धरा, आणि धावण्या-खेळण्याइतकं पूर्ववत व्हायला वर्ष.

हाडाइतक्या सहज स्नायू आणि नसा ताणल्या जात नाहीत. गुडघा आखडू नये म्हणून रोज फिजिओथेरपी लागते, आणि ती दुखते. जंतुसंसर्ग, नस दुखावणं, हाड वेळेत न भरणं, पायात रक्ताच्या गाठी होणं, दोन पायांत किंचित फरक राहणं या सगळ्या गुंतागुंती वैद्यकशास्त्रात नोंदलेल्या आहेत. चीनने निव्वळ उंचीसाठीच्या अशा शस्त्रक्रियांवर २००६ मध्ये बंदी घातली. हे लांबवणं पायाबाहेरच्या चौकटीने करतात किंवा हाडाच्या आत बसवलेल्या खिळ्याने. पायावर भार घेता यावा म्हणून आणलेला स्टेनलेस स्टीलचा असा एक चुंबकी खिळा, गंजण्याची शंका आल्यावर, २०२१ मध्ये बाजारातून परत घेतला गेला. म्हणून १४ लाखांत नेमकं काय बसवणार आहेत, बाहेरची चौकट, आतला खिळा की दोन्ही, हे लेखी मागा. सगळे पर्याय एका किमतीचे नसतात.

आता बेरीज. ऑपरेशन १४ लाख. सहा महिन्यांचा बुडालेला पगार सव्वाचार. घरी येणारा फिजिओथेरपिस्ट, ८०० रुपये बैठकीने महिन्याला वीस बैठका धरून सहा महिन्यांत एक लाख. हॉस्पिटलजवळ तीन महिने खोली, जेवण, मदतनीस मिळून आणखी एक. वर्ष-दोन वर्षांनी खिळा काढायचं दुसरं ऑपरेशन, दोन लाख धरा. काही बिघडलं तर हाताशी हवेत तीन. झाले सव्वापंचवीस. १० लाखांवर १४ टक्क्यांनी पाच वर्षांचं व्याज चार लाख. एकोणतीस लाखांपुढे गेलो. महिन्याचा हप्ता २३,३०० रुपये. पगार बंद असलेल्या सहा महिन्यांतही तो चुकणार नाही, म्हणजे एक लाख चाळीस हजार शेवटी एफडीतूनच निघणार.

आरोग्य विमा यातला एक रुपयाही देणार नाही. दिसण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया ही सगळ्या पॉलिसींमध्ये वगळलेली बाब आहे. अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीय गरज असेल तरच ती चालते. त्यातून उद्भवलेल्या संसर्गाचा दावाही कंपनी त्याच कलमावर अडवू शकते. वैद्यकीय सेवेला असलेली जीएसटीची माफी सौंदर्य शस्त्रक्रियेला नाही, तेव्हा १४ लाखांत कर धरला आहे का तेही विचारा. सहा महिन्यांच्या बिनपगारी रजेला कंपनी तयार झाली नाही आणि राजीनामा द्यावा लागला, तर गटविमा जाईल. तुमच्याबरोबर आईंचाही.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर : व्याजापुरतं पाहिलं तर एफडीवरचं कर्ज स्वस्त पडतं, एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त. पण जोडनावाच्या एफडीवर कर्जाला आईंची सही लागेल, आणि त्या सहीसाठी तुम्हाला खोटं बोलावं लागेल. २०१६ मध्ये हैदराबादेत एका तरुण इंजिनिअरने घरी न सांगता उंची वाढवण्याचं असंच ऑपरेशन करून घेतलं होतं. घरचे शोधत हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा त्याच्या दोन्ही पायांची हाडं कापून झाली होती. दोन्ही पायांनी परावलंबी असताना तुम्हाला न्हाणीघरात कोण नेणार, हा प्रश्न तुम्ही पत्रात कुठेच विचारलेला नाही. आज दोन्हीपैकी कोणतंच कर्ज काढू नका.

बायोडेटावरचा उंचीचा रकाना बघून स्थळं परत जातात याचं दुःख खरं आहे, ते मी हलकं मानत नाही. भारतीय पुरुषाची सरासरी उंची ५ फूट ५ इंचांच्या आसपास आहे, हे माहीत असून लोक तसं वागतात. पण २३,३०० चा हप्ता, मोडलेली एफडी आणि वर्षभराची खंडित नोकरी हेही त्याच बायोडेटामागे उभं राहील, आणि मुलीचे वडील तेही विचारतील.

तरीही करायचंच असेल तर घाई नाही. वाढ थांबलेल्या प्रौढांवरच हे ऑपरेशन होतं, सत्तावीसऐवजी बत्तिसाव्या वर्षीही होऊ शकतं. दरमहा ३५,००० बाजूला टाकलेत, तर आजचे ४ लाख धरून पाच वर्षांत पंचवीस लाख व्याजाविना होतात. ते आवर्ती ठेवीत किंवा कमी जोखमीच्या डेट फंडात (कर्जरोख्यांत गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडात) ठेवा. शेअर बाजारातून दामदुप्पट करून तीन वर्षांत गाठू, असा विचार या पैशाबाबत नको. तोपर्यंत आईंना सांगा, आणि हात-पायांच्या हाडांच्या पुनर्रचनेचा अनुभव असलेल्या दुसऱ्या अस्थिशल्यविशारदाचं मत घ्या, जो स्वतः हे ऑपरेशन करून पैसे कमावणार नाही.

विम्याची दोन कामं मात्र या महिन्यातच करा. आईंसाठी आणि तुमच्यासाठी कंपनीच्या बाहेरचा स्वतःचा आरोग्य विमा, आणि तुमच्यावर एक कोटीचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा. तुमच्या वयाला, सिगारेट-तंबाखू नसेल तर, वर्षाला दहा-बारा हजारांच्या आसपास पडेल. दोन्ही प्रस्तावपत्रांत कोणती शस्त्रक्रिया ठरली आहे का, असं विचारतात. तिथे जे खरं असेल तेच, स्वतःच्या हाताने लिहा.