उसंतीची वाट बघू नकोस

प्रिय पोरी,

परवा फोनवर म्हणालीस, "आत्या, मारिओ घेऊन ठेवलाय, प्रोजेक्ट संपला की सलग दोन दिवस बसून संपवते." तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. दोन दिवस आणणार कुठून? हिंजवडीहून घरी यायलाच तुला नऊ वाजतात. उसंतीची वाट बघू नकोस. रोज वीस मिनिटं खेळ.

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा 1985 चा व्हिडिओ गेम आहे. आठ जगं, प्रत्येकात चार टप्पे, एकूण 32. पहिल्या टप्प्यात वर 400 दिसतात ना, ते सेकंद नव्हेत. एकेक आकडा साधारण 0.4 सेकंदात सरतो, म्हणजे हातात पुरती पावणेतीन मिनिटंही नसतात. तेवढ्यात झेंडा गाठायचा, नाहीतर जीव गेला. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एक टप्पा होतो, आणि तू दोन दिवस मागतेस!

आमच्या कॅसेटवर गेम साठवून ठेवायची सोय नव्हती. मशीन बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. तुझा बाबा मारिओ, मी त्याचा भाऊ लुइजी. त्याचा जीव गेला की माझी पाळी. माझ्या दहावीला आईने मशीन कपाटावर चढवलं. दादा म्हणाला, परीक्षा होऊ दे, मग रात्रभर बसू. परीक्षा झाली, मग त्याची नोकरी आली, मग माझं लग्न. 7-4 च्या, म्हणजे सातव्या जगातल्या चौथ्या टप्प्याच्या, चकव्यापर्यंत पोचलो होतो आम्ही. मजला चुकला की तोच रस्ता पुन्हा पुढ्यात येतो. त्यानंतर दोघं एकत्र बसलो नाही. मी कोल्हापुरात, तो पुण्यात.

म्हणून सांगते, रोज. आणि 1-2 मध्ये छतावरून पळत जाऊन थेट चौथ्या जगात नेणारा पाइप शोधू नकोस. उरकायचंय का तुला? रोज यायचंच आहे तर घाई कसली?

पन्नाशीच्या बाईला हे शोभतं का, असं इथे विचारतात. विचारू देत. गेल्या पावसाळ्यापासून रात्री ओटा पुसून झाला की मी वीस मिनिटं बसते. घरातलं एक काम अडलेलं नाही, एक डबा उशिरा गेलेला नाही. 8-3 मध्ये हातोडे फेकणारी कासवं जोडीने येतात, तिथे तीन आठवडे अडकले. रोज बसले म्हणून सुटले.

तुझ्या त्या स्विच नावाच्या गेमच्या मशीनवर तर खेळ मध्येच थांबवून ठेवता येतो. मग आजच लाव. त्याचा एक रिमोट काढून बाबाच्या हातात दे. तो "नंतर बघू" म्हणेल. ऐकू नकोस.

तुझी,
आत्या