कोठीची किल्ली हाती घेताना

यंदा महाप्रसादाची कोठी तुझ्याकडे आली, फार बरं वाटलं. इथं इंदूरच्या रामबागेत इतकी वर्षं पंगती सांभाळल्या, म्हणून हक्कानं सांगते.

सियागंजच्या किराणा बाजारातून माल आला की नुसती पावती बघून मोकळी होऊ नकोस. तेलाच्या प्रत्येक डब्याचं सील बोटानं चाचपून बघ. डब्यावरचा १४ आकडी अन्न-परवाना (FSSAI) क्रमांक आणि बॅच क्रमांक वहीत उतरव. सुटं तेल कितीही स्वस्त मिळो, नको. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचं तेल मिसळलेलं होतं, त्यानं माणसं दगावली.

फिनेल, उंदराचं औषध कोठीत नकोच, त्यांचे रिकामे डबेही नकोत. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या जेवणानं २३ मुलं गेली. जेवणात कीटकनाशक उतरलं होतं. स्वयंपाकिणीला तेलाचा वास खटकला होता गं, तरी त्याच तेलात स्वयंपाक झाला. अजून आठवलं की पोटात तुटतं. आचारी म्हणाला वास वेगळा येतोय, तर कढई लगेच उतरव, पंगत खोळंबली तरी चालेल.

मुद्दाम कुणी काही कालवेल, हे मनात आणणंही नको वाटतं. तरी पाण्याच्या टाकीला कुलूप हवंच, आणि रात्री भिजत घातलेल्या डाळीपाशी आपलं माणूस झोपू दे.

वरण वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर गरम राहू दे. प्रत्येक पदार्थ वाटीभर काढून, तारीख लिहून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेव. कुणाला उलट्या झाल्याच, तर तपासायला तेवढंच हाती असतं.

पहिल्या दिवशी पहाटे दूध उतरवून घ्यायला मी येते.