ऑफिसातल्या पाच-सहा जणांसाठी खाजगी फाइल सर्व्हर: फाइली पाठवण्या-घेण्यासाठी एफटीपी ही पद्धत ठेवू की एसएफटीपी?
एसएफटीपीच ठेवा, साध्या एफटीपीत पासवर्डसुद्धा उघडा जातो, एसएफटीपीत सगळं एसएसएच या सुरक्षित जोडणीच्या पोर्ट २२ वरून कूटबद्ध होऊन जातं. उबुंटू लिनक्सवर ओपनएसएसएच सर्व्हर टाकलात की वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र खातं द्या, सगळ्यांचा एक ग्रुप करा आणि एसएसएचच्या सेटिंगमध्ये त्या ग्रुपला 'इंटर्नल-एसएफटीपी' (internal-sftp, म्हणजे फक्त फाइलींची देवाणघेवाण) आणि 'सीएच-रूट डिरेक्टरी' (ChrootDirectory, म्हणजे ठरलेल्या फोल्डरबाहेर जाता येत नाही) लावा. बहुतेक जण अडकतात ते पुढे: हे सीएच-रूटचं फोल्डर रूटच्याच, म्हणजे मुख्य प्रशासक खात्याच्या, मालकीचं हवं आणि इतर कुणाला त्यात लिहिण्याची परवानगी नको, नाहीतर पासवर्ड बरोबर असूनही कनेक्शन लगेच तुटतं. फाइली टाकायला त्याच्या आत वेगळं फोल्डर करून ते वापरकर्त्याच्या नावावर करा. मात्र इंटरनेट कंपनीने सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरून थेट पोहोचता येईल असा पत्ता) दिला नसेल, तर बाहेरून थेट जोडता येणार नाही. मग टेलस्केलसारखं व्हीपीएन (इंटरनेटवरून चालणारं खाजगी नेटवर्क) लागेल.