उलट्या तिरक्या रेघेचे दोन मालक

प्रश्न : ताई, मी नववी-दहावीला गणित शिकवतो. मुलांसाठी नोट्स मार्कडाउनमध्ये (साध्या खुणा देऊन वेबपान लिहायची पद्धत) लिहितो, सूत्रं लाटेकमध्ये (सूत्रं आज्ञा देऊन लिहायची पद्धत) टाकतो आणि वेबपानावर ती मॅथजॅक्स हा प्रोग्राम दाखवतो. अपूर्णांक, वर्गमुळं छान येतात. पण क्रेमरच्या पद्धतीतला दोन ओळींत मांडायचा निश्चयक एकाच ओळीत पसरतो, संचांचे महिरपी कंस गायब होतात आणि एका ठिकाणी तर अर्धं वाक्यच नाहीसं झालंय. तीनदा तपासलं, चूक सापडत नाही. सोबत मजकूर पाठवतोय. (एक शिक्षक, कराड)

उत्तर : सर, चूक सापडणार नाही, कारण तुमचं लाटेक बरोबर आहे. मॅथजॅक्सच्या हाती पडेपर्यंत ते बदललेलं असतं.

संगणकावर त्या निश्चयकावर राइट क्लिक करा. मेनूत ‘शो मॅथ ॲज’ आणि त्याखाली ‘टेक कमांड्स’ आहे. मॅथजॅक्सला प्रत्यक्षात काय मिळालं, ते तिथे दिसतं. तुमच्या मजकुराशेजारी ठेवून बघा. पहिली ओळ संपवायला तुम्ही दोन उलट्या तिरक्या रेघा (\, म्हणजे बॅकस्लॅश) दिल्या होत्या, तिथे एकच उरलीय. एकट्या रेघेचा अर्थ ‘थोडी जागा सोड’ एवढाच होतो. म्हणून वरच्या ओळीतले ३, २ आणि खालच्या ओळीतले ४, –१ एका रांगेत आले आणि मधे २ नि ४ एकाच घरात बसले.

रेघ खाल्ली मार्कडाउननं. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ साली टेक ही मजकूर-सूत्रं छपाईसाठी जुळवायची प्रणाली रचायला घेतली, लाटेक त्याच्यावरच उभं आहे. त्यात आज्ञेची सुरुवात या रेघेनं होते. २००४ साली आलेल्या मार्कडाउननं हीच रेघ दुसऱ्या कामाला लावली : पुढचं चिन्ह जसंच्या तसं छाप, आणि मला काढून टाक. पुढे इंग्रजी अक्षर असेल तर मार्कडाउन रेघेला हात लावत नाही, म्हणून तुमचे अपूर्णांक वाचले. पुढे चिन्ह आलं, मग ते कंस असो की दुसरी रेघ, की पहिली रेघ गेलीच.

तेव्हा अक्षरांच्या आज्ञा वापरा. निश्चयकाची ओळ संपवायला रेघेपुढे ‘सीआर’, महिरपी कंसांसाठी ‘एलब्रेस’ आणि ‘आरब्रेस’, इंग्रजी लिपीत. रेघा दुप्पट करूनही काम होतं, दोनाच्या चार. पण तोच मजकूर उद्या दुसरीकडे नेलात की त्या चार रेघा नडतात. मला अक्षरांचाच मार्ग पसंत आहे.

कंसांचं आधी दुरुस्त करा, सर. पसरलेला निश्चयक बघून मूल निदान विचारायला तरी येतं. कंस गेले तर पान नीटनेटकंच दिसतं, मूल ‘ए = १, २, ३’ असं वहीत उतरवतं आणि संच असाच लिहायचा असतो असं धरून चालतं. एका शिकवणीच्या नोट्समध्ये मी स्वतः हे पाहिलंय. आठवडाभर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं आणि वह्या तपासताना पोरांचे गुण मात्र कापले गेले होते. मला त्याचं फार वाईट वाटलं.

नाहीशा झालेल्या वाक्याचं कारण वेगळं आहे. तिथे तुम्ही ‘एक्स’ हा ‘वाय’पेक्षा लहान, असं लिहिलंय आणि ‘पेक्षा लहान’चं चिन्ह (<) ‘वाय’ला चिकटवलंय. त्या चिन्हाला लागून अक्षर आलं की ब्राउझरला वाटतं, एचटीएमएलचा (वेबपानाच्या भाषेचा) टॅग, म्हणजे पानाच्या रचनेची खूण, सुरू झाला. मग पुढचा मजकूर तो त्या टॅगमध्ये ढकलतो, म्हणून वाक्य दिसत नाही. चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडा, किंवा रेघेपुढे ‘एलटी’ लिहा.

प्रश्न : सूत्रात ‘त्रिज्या’ लिहिलं की वेलांटी सुटून ठिपक्यांच्या वर्तुळावर बसते. फॉन्ट बदलून पाहिला, उपयोग नाही. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : फॉन्टचा दोष नाही. गणिताच्या मजकुरात प्रत्येक वर्ण स्वतंत्र चल धरला जातो, त्यामुळे त, र, वेलांटी सगळे सुटे पडतात. रेघेपुढे ‘टेक्स्ट’ ही आज्ञा देऊन अख्खा शब्द तिच्या महिरपी कंसांत घाला. शब्द जुळलेला दिसेल.