सोलापुरी चादरी ऑनलाइन विकायच्या आहेत ना, मग आधी रिटर्नचा हिशोब मांड

तुझा मेसेज वाचला, घरचा माल आहे, फोटोही चांगले काढलेस, मग कुठल्या मार्केटप्लेसवर, म्हणजे अनेक विक्रेत्यांचा माल विकणाऱ्या साइटवर, आधी जाऊ असं विचारतेयस. कुठेही जा, पण कमिशन किती हे बघून ठरवू नकोस. मीशो या मार्केटप्लेसने 2021 मध्ये कमिशन शून्य केलं तेव्हा कितीतरी लोक खूश होऊन तिकडे गेले, पण शिपिंग आणि रिटर्नचा खर्च कुठे शून्य झाला होता?

तर सगळ्यात आधी रिटर्न. समज चादर 700 ला विकलीस, मालाचे 450, पॅकिंगचे 15, फी आणि शिपिंग मिळून 170, हातात राहिले 65. आता दहा पार्सलं गेली, दोन कस्टमरने परत पाठवली आणि प्रत्येक रिटर्नला जाण्यायेण्याचे 150 बसले, तर आठ चादरींचे 520 मिळाले त्यातले 300 गेले, म्हणजे पार्सलमागे 22 रुपये! आणि यात ॲड्सचा खर्च धरलेलाच नाहीये. परत आलेली चादर कधी वापरलेली असते, कधी भलतीच असते, म्हणून प्रत्येक रिटर्न उघडताना व्हिडिओ काढायचाच, लेबलपासून घडी उलगडेपर्यंत, मध्ये कट नको, त्याशिवाय नुकसानभरपाईचा क्लेम टिकत नाही.

सीओडी, म्हणजे माल हातात आल्यावर पैसे, बंद ठेवू का असंही विचारलंयस. आपल्याकडे पैसे आधी द्यायला लोक घाबरायचे, म्हणून फ्लिपकार्टने 2010 मध्ये सीओडी आणलं, नायजेरियात जुमिया ही ऑनलाइन विक्रीची कंपनीही त्याच्याच जोरावर वाढली. ते बंद केलंस तर छोट्या गावांतल्या ऑर्डरी जातील, चालू ठेवलंस तर दारात 'नको' म्हणणारे भेटतील. मी म्हणेन चालू ठेव, पण रोज कुठल्या पिनकोडवरून पार्सल परत येतंय ते लिहून ठेव.

दुसरं म्हणजे वजन. चादर दीड-पावणेदोन किलोची असते, पण कुरिअरवाले आकारावरूनही वजन काढतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले 5000 असं बहुतेक ठिकाणी. 40 बाय 30 बाय 15 चं पार्सल 3.6 किलोचं धरतात गं! हवा काढून घट्ट बांधून उंची 8 वर आणलीस तर तेच 1.92 होतं. फोटोच्या बॅकग्राउंडवर जेवढा वेळ घालवलास त्याच्या निम्मा वेळ जरी इथे दिलास तरी पैसे वाचतील.

आता चांगलं काय, तर उधारी नाही. होलसेलवाल्याकडे माल टाकला की दोन-तीन महिने फोन करत बसायचं हे तू घरात लहानपणापासून बघितलंयस, इथे साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत पैसे बँकेत येतात, आणि दुकान न टाकता गुवाहाटीचा माणूस तुझी चादर घेतो. छोट्या कारखानदारासाठी ही फार मोठी गोष्ट आहे आणि म्हणूनच मी तुला नको म्हणत नाहीये.

पण तो माणूस तुझा कस्टमर होत नाही, त्याचा नंबर तुला मिळत नाही. त्यात सोलापुरी नावाखाली बाहेरचा माल स्वस्तात लावलेला असतो. सोलापुरी चादरीला जीआय आहे, म्हणजे ते नाव त्या भागातल्या मालासाठीच राखलेलं आहे, त्याची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी कर, स्वतःच्या नावाचा ट्रेडमार्क टाक आणि प्रत्येक चादरीला ते नाव शिवलेलं असू दे. व्हॉट्सॲपवरची जुनी गिऱ्हाइकं मात्र अजिबात सोडू नकोस, त्यांना रेट तोच ठेव पण नवीन डिझाइन आधी त्यांना दाखव.

जीएसटीचं थोडक्यात: 1 ऑक्टोबर 2023 पासून वर्षाला 40 लाखांच्या आत विक्री असलेल्या छोट्या विक्रेत्याला महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नोंदणीशिवाय मार्केटप्लेसवर विकता येतं, पण गुवाहाटीला पाठवायचं तर जीएसटी नंबर लागणारच. नोंदणी केलीस की मार्केटप्लेसवाले तुझ्या पैशांतून टीसीएस, म्हणजे आधीच घेतलेला टॅक्स, कापतात, 10 जुलै 2024 पासून तो अर्धा टक्का आहे. ते पैसे तुझेच असतात, जीएसटी पोर्टलवर जाऊन स्वीकारले की कॅश लेजरमध्ये, म्हणजे तिथल्या तुझ्या खात्यात, येतात, नवीन लोक हे बघतच नाहीत आणि पैसे तसेच पडून राहतात.

सगळा कॅटलॉग एकदम चढवू नकोस. पाच डिझाइन निवड, प्रत्येकाचं बांधलेलं माप, वजन आणि खरी किंमत एका शीटमध्ये भर आणि मला पाठव, रविवारी फोनवर बसून बघू.