कॅज्युअल्टीत पहिली ड्युटी लागलीय ना?
अगं, सोमवारपासून कॅज्युअल्टी म्हणालीस, तर आधी हे सांग: हेपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेत का? शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे लशीमुळे रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडीजचं प्रमाण, तपासून घे; 10 mIU/mL च्या वर हवा.

संसर्गापासून स्वतःला जपायचे नियम सगळ्यांनाच पाठ असतात. ते मोडतात रात्री दोनला, वर्धा रोडवरच्या अपघातातले चार जण एकदम येतात तेव्हा. 'आधी शीर सापडू दे, ग्लोव्ह्ज नंतर', असं मीही केलंय. एकदा सुईला टोपण परत लावताना ती बोटात गेली. पेशंटचा रिपोर्ट येईपर्यंतची ती रात्र अजून आठवते. टोपण लावायचंच नाही; सुई थेट हब कटरमध्ये, म्हणजे वापरलेली सुई कापून टाकायच्या डब्यात. म्हणून ट्रॉली लावतानाच कटर हाताशी आहे का ते बघ.

तरीही टोचलीच तर बोट पिळू नकोस. साबण-पाण्याने धू आणि लगेच ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांग, शिफ्ट संपायची वाट बघू नकोस. पीईपीची, म्हणजे एचआयव्हीचा संसर्ग टाळायच्या गोळ्यांची, गरज असेल तर पहिली गोळी शक्यतो 2 तासांत, फार तर 72 तासांच्या आत. पुढे 28 दिवस.

आणि मे महिन्यात आपल्या नागपूरच्या उकाड्यात एन-95 नको नको होतो, पण खोकणाऱ्या पेशंटजवळ तो नाकाखाली ओढू नकोस, बाई.