गावाची एसटी फेरी भारमान (गाडी किती भरते ते प्रमाण) कमी म्हणून बंद होईल अशी चर्चा आहे. ग्रामसभेत आरोग्याचा मुद्दा मांडला तर ते ओढूनताणून वाटेल का?

अजिबात नाही. उलट शाळेच्या पोरांइतकाच हा मुद्दा पुढे ठेवा.

सातारा जिल्ह्यातल्या एका डोंगरी तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे, स्टँडच्या समोरच. एकोणीस वर्षं झाली. कोणती गाडी लागली हे मला पाटी न बघता गिऱ्हाइकांवरून कळतं.

गाडी नसली की माणूस वाटेत दगावणार, असं सगळ्यांना वाटतं. पण हातघाईच्या वेळी गाव धावतं, कुणाची तरी बोलेरो निघते. 108 ची रुग्णवाहिका 2014 पासून आहे, बाळंतिणीसाठी 102 आहे. गोची होते ती काही दुखत नसताना. बीपीची गोळी, साखरेची तपासणी, गरोदर बाईची पुढची तारीख, टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स. यासाठी शेजारी बोलेरो काढत नाही, आणि मागायलाही माणूस लाजतो.

2021 च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला आणि मिटेपर्यंत 2022 चा एप्रिल उजाडला. संप बरोबर की चूक यात मी शिरत नाही. माझ्या काउंटरवर काय दिसलं तेवढं सांगतो. वरच्या वाड्यांकडे वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खाजगी जीप, फक्त बाजाराच्या दिवशी जायचं. एक साठीची बाई दर महिन्याला बीपीच्या तीन पट्ट्या न्यायची. संपात ती दोन महिन्यांनी आली, आणि पिशवीत जुन्या पट्टीतल्या चार गोळ्या अजून शिल्लक. मी विचारलं, तर म्हणाली, "एकाआड एक घेती, म्हंजी पुरत्यात." बीपी दुखत नाही ना, त्यामुळे काही बिघडतंय असं तिला वाटतही नव्हतं. मशीन लावलं तर वरचा आकडा एकशे नव्वदच्या पुढे.

डायलिसिसवाल्यांचे हाल वेगळेच. आठवड्यातून दोन-तीनदा, दर खेपेला चारेक तास मशीनवर. उठल्यावर माणूस पिळून काढल्यासारखा झालेला असतो. त्यात वडाप भरल्याशिवाय हलत नाही; तो बिचारा मागच्या फळीवर गुडघे पोटाशी घेऊन तासभर बसून राहायचा. एसटीत डायलिसिस, सिकलसेल, हिमोफिलियाच्या रुग्णांना प्रवास फुकट आहे, टीबी आणि कॅन्सरवाल्यांना पाऊण भाडं माफ आहे. पण ही सवलत गाडीत बसल्यावर मिळते. गाडीच नसेल तर कार्ड पाकिटात ठेवून काय करायचं? सरकारी दवाखान्यात औषध फुकट आणि तिथवर जायला दिवसाची मजुरी, असा तो हिशेब.

भाड्याचा आणखी एक परिणाम मला दिसला. 2022 च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत झाला आणि 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. आधी म्हाताऱ्या मुलाच्या सवडीने यायच्या, म्हणजे बहुतेकदा यायच्याच नाहीत. आता दोघी-तिघी मिळून येतात, डोळे तपासून घेतात, माझ्याकडे मलम घेतात, वडापाव खातात आणि परत. (घरात सुनेला सांगून येतात की नाही, ते मी विचारत नाही.)

शहरातले लोक या विषयात धूर आणि चालण्याचा व्यायाम आणतील. तेही खरंच आहे, पण तुमच्या ग्रामसभेत ते चालायचं नाही. फाट्यापर्यंत दोन किलोमीटर सगळे चालतातच.

मुक्कामी गाडीचं मात्र जरूर सांगा. आमच्याकडे ती रात्री देवळापुढे उभी असते आणि पहाटे निघते. तिच्यातून दवाखान्यात ॲडमिट असलेल्यांचे डबे येतात. संध्याकाळच्या गाडीतून मी इन्सुलिन वर पाठवतो, बर्फाच्या पिशवीत गुंडाळून, वर नाव लिहून, वाहकाच्या हाती. नियमात बसतं का, विचारू नका. अशा डब्या-पिशव्यांवर अवलंबून असलेली चाळीस-पन्नास घरं एसटीच्या हिशेबात कुठेच दिसत नाहीत, कारण पिशवीचं तिकीट फाडलं जात नाही आणि भारमान तर तिकिटांवर मोजतात.

म्हणून आधी आशाताईंकडे बसा. बीपी-शुगरचे किती, गरोदर किती, टीबीच्या औषधावर किती, डायलिसिसला कोण जातं, एवढे आकडे घ्या. नावं नकोत, नुसते आकडे. ठरावात घाला आणि प्रत आगारात द्या. ठरावात वेळही लिहा. सरकारी ओपीडी सकाळची असते, केसपेपर दुपारी बंद होतो, रक्ताचा रिपोर्ट बहुतेकदा चारच्या सुमारास हातात पडतो. तेव्हा साडेनऊच्या आत पोचवणारी आणि साडेचारनंतर परत निघणारी गाडी मागा. नुसतं "फेरी सुरू ठेवावी" लिहिलंत आणि अकराला पोचून तीनला परतणारी गाडी राहिली, तर रिपोर्ट आणायला दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागेल.